थोड्या पैशांत लष्करी रंग

लष्कराच्या सेवेतून बाहेर पडलेली गाडी विकत घेणाऱ्याची खरी अडवणूक होते ती रंगापाशी. इंजिनासाठी मिस्त्री सापडतो, पाटे आणि ब्रेकचे भाग जुन्या बाजारात मिळतात, चिकाटी असेल तर कार्बोरेटरही हाती लागतो. रंगाचं मात्र नेमकं काय करायचं हे सांगणारं कोणी भेटत नाही. गॅरेजवाला नव्या मोटारीची चकाकी देऊ पाहतो, मित्र सिनेमातल्या जीपचे फोटो पाठवतात आणि पेंटच्या दुकानात ‘मिलिटरी ग्रीन’ मागितला की एकमेकांशी न जुळणारे चार हिरवे डबे समोर येतात. त्यानंतर खर्चाचा आकडा कळतो आणि गाडी ताडपत्रीखाली जाते. गोठ्याशेजारी, वाड्याच्या मागच्या अंगणात, बंद पडलेल्या गॅरेजात अशा जीपा आणि जोंगा वर्षानुवर्षं उभ्या राहतात. हे पुस्तक त्यांच्या मालकांसाठी लिहिलं आहे.

पुस्तकाचं म्हणणं थोडक्यात असं: लष्करी गाडीचा रंग मुळातच स्वस्त होता, बऱ्याचदा हातानं आणि घाईत दिलेला होता. त्यामुळे बेताच्या पैशांत ती गाडी इमानानं रंगवणं पूर्णपणे शक्य आहे. पैशाची जागा मात्र अभ्यासानं आणि मेहनतीनं भरून काढावी लागते. गॅरेजात सांगितला जाणारा मोठा आकडा असतो तो नागरी मोटारीच्या चकाकीचा. त्या चकाकीसाठी पत्रा तळहातासारखा सपाट करावा लागतो, पुट्टीवर पुट्टी चढवावी लागते, धूळ नसलेली बंद खोली लागते. लष्करी गाडीला यातलं बहुतेक काही लागत नाही. कशामुळे लागत नाही, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जायला हवं.

रंगाआड लपता येतं ही गोष्ट सैन्यांनी उशिरा मनावर घेतली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातल्या फौजा लाल, निळ्या, पांढऱ्या कपड्यांत लढत होत्या. १८४६ मध्ये पेशावरला उभारलेल्या गाइड्स पलटणीनं मातकट खाकी अंगावर घेतली आणि वायव्य सरहद्दीवरची ती सोय पुढं साऱ्या ब्रिटिश फौजेत पसरली. गाड्यांची पाळी पहिल्या महायुद्धात आली. १९१५ मध्ये फ्रेंच सैन्यानं या कामासाठी चित्रकारांची स्वतंत्र तुकडी उभी केली. गिराँ द सेव्होला हा चित्रकार तिचा प्रमुख होता. इंग्लंडमध्ये हे काम सॉलोमन जे. सॉलोमन या चित्रकाराकडे गेलं. १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या रणभूमीवर जगातले पहिले रणगाडे उतरले, तेव्हा त्यांच्या अंगावर सॉलोमननं योजलेले अनेक रंगांचे पट्टे होते. तिथल्या चिखलानं ते सगळे पट्टे एकाच रंगाचे करून टाकले आणि सैन्यानं पुढं सरळ एक तपकिरी रंग स्वीकारला. त्यानंतरची शंभर वर्षं लष्करी रंग याच ओढाताणीत राहिला आहे. चित्रकाराची कल्पना एकीकडे खेचते. चिखल, टंचाई आणि अपुरा वेळ दुसरीकडे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं साधेपणा निवडला. तिचा ऑलिव्ह ड्रॅब हा मुख्यतः काळं रंगद्रव्य आणि आपल्या पिवडीसारखी पिवळी माती यांच्या मिश्रणातून होई. ही द्रव्यं मुबलक होती आणि कोणत्याही रंग कारखान्याला जमण्यासारखी होती. विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनवल्या, त्या याच बिनचकाकीच्या रंगात बाहेर पडल्या. इतक्या रंग कारखान्यांनी, इतक्या घाईत बनवलेला रंग प्रत्येक डब्यात तंतोतंत सारखा निघणं शक्यच नव्हतं.

ब्रिटनची गोष्ट टंचाईची आहे. हिरव्या रंगाला लागणारं क्रोमियमचं द्रव्य युद्धात दुर्मीळ झालं, तेव्हा १९४२ च्या सुमारास ब्रिटिश सैन्यानं हिरवा सोडून तपकिरी हा मूळ रंग केला. आज संग्राहक त्याला एससीसी २ या क्रमांकानं ओळखतात. १९४४ च्या वसंतात पुन्हा हिरवट ऑलिव्ह आला, कारण अमेरिकन गाड्या मोठ्या संख्येनं हाती येत होत्या आणि त्या सगळ्या पुन्हा रंगवत बसणं परवडणारं नव्हतं. ट्रकांच्या टपांवर आणि कडांवर काळे गोल ठिपके देण्याची एक ब्रिटिश पद्धत होती. सैनिक तिला मिकी माऊस म्हणत, कारण ते गोल त्या उंदराच्या कानांसारखे दिसत.

जर्मनीचं उदाहरण आपल्या विषयाला सर्वांत जवळचं आहे. तिथं रंगांची आरएएल ही क्रमांकित यादी १९२७ पासूनच होती आणि गडद राखाडी हा रणगाड्यांचा ठरलेला रंग होता. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की यापुढं मूळ रंग गडद पिवळा असेल, आणि त्यावर तांबूस तपकिरी व ऑलिव्ह हिरवा यांचे पट्टे तुकड्यांनी स्वतः द्यायचे. त्यासाठी रंगाची घट्ट लुकणी डब्यांतून पाठवली जाई. ती पाण्यात कालवायची किंवा पेट्रोलमध्ये. फवारणीचं यंत्र असेल तर त्यानं मारायची, नसेल तर ब्रशनं, आणि तेही नसेल तर हाती लागेल त्या साधनानं. पेट्रोल जास्त पडलं की रंग फिका उतरे, पाणी वापरलं तर पावसात ओघळे. एकाच तुकडीतल्या दोन रणगाड्यांचे रंग वेगळे दिसत. ‘मूळ शेड’ या शब्दांना संग्राहकांच्या बोलण्यात जो धाक आहे तो या इतिहासापुढं टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. शेड शोधावी, जरूर शोधावी. पण ती एका ठिपक्यासारखी नसते, तिला एक पट्टा असतो, आणि त्या पट्ट्यात कुठंही असलेला रंग खरा असतो.

युद्धानंतरचा भाग थोडक्यात आटपतो. शांतता आली तसे रंग पुन्हा चमकू लागले. ब्रिटिश गाड्या डीप ब्रॉन्झ ग्रीन या गडद, तुळतुळीत हिरव्यात आल्या, अमेरिकन गाड्यांवर अर्धचकाकी आली. १९७० च्या दशकात पट्ट्यापट्ट्यांची रचना परतली, १९८० च्या दशकात नाटोच्या अनेक सैन्यांनी हिरवा, तपकिरी आणि काळा अशी त्रयी स्वीकारली. याच काळात डोळ्यांपेक्षा उपकरणांपासून लपण्याला महत्त्व आलं. झाडाचं पान अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परत फेकतं, साधा हिरवा रंग तसं करत नाही, म्हणून पानासारखं वागणारी रंगद्रव्यं लागली. रासायनिक अस्त्रांचा अंश शोषून न घेणारे, धुता येणारे लेपही आले. ते लेप घरच्या अंगणातलं काम नाही. हे पुस्तक त्यांच्या वाटेला जात नाही.

आपल्याकडच्या गाड्यांकडे वळतो. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकन आणि ब्रिटिश फौजांच्या पुष्कळ गाड्या या देशात मागं राहिल्या आणि विकल्या गेल्या. खेड्यापाड्यात पहिली मोटार म्हणून जी जीप पोचली ती अनेकदा अशीच होती. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी मुंबईत माझगावला सुट्या भागांतून जीपा जोडायला सुरुवात केली. पुढं जर्मन मान कंपनीच्या परवान्यावर शक्तिमान ट्रक जबलपूरला बनू लागला आणि निस्सानच्या पॅट्रोल या गाडीवरून घडवलेली जोंगा १९६९ पासून तिथल्याच व्हेइकल फॅक्टरीतून बाहेर पडू लागली. महाराष्ट्राचा या गाड्यांशी संबंध केवळ बाजारापुरता नाही. अहिल्यानगरला चिलखती दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि वाहनांवर संशोधन करणारी संरक्षण खात्याची संस्थाही आहे. खडकीला चिलखती वाहनांचा मध्यवर्ती डेपो आणि ५१२ आर्मी बेस वर्कशॉप आहे, देवळालीला तोफखान्याचं विद्यालय. या गावांच्या आसपास निवृत्त मिस्त्री भेटतात. त्यांच्या हातात जे ज्ञान आहे ते कुठल्याही परदेशी पुस्तकात नाही: कोणत्या गाडीच्या कोणत्या कोपऱ्यात पाणी साठतं, कोणता बोल्ट कधीच सुटत नाही, तपासणीच्या आदल्या दिवशी ब्रशनं गाडी कशी उजळवायची.

रंगांच्या क्रमांकांच्या बाबतीत आपण ब्रिटिश परंपरेतले आहोत. भारतीय मानक आयएस ५ मधले बरेच क्रमांक ब्रिटिश मानकातूनच आले आहेत. त्यातला २२० म्हणजे ऑलिव्ह ग्रीन, ६३२ म्हणजे गडद ॲडमिरल्टी ग्रे. हे छोटंसं ज्ञान बराच पैसा वाचवतं. दुकानात ‘आर्मीचा रंग’ मागणाऱ्याला दुकानदाराच्या मनातला रंग मिळतो. मानकाचा क्रमांक सांगणाऱ्याला तो क्रमांक मिळतो, आणि तोही साध्या सिंथेटिक इनॅमलमध्ये.

आता कायदा. तो माहीत नसेल तर बाकीची सगळी मेहनत वाया जाऊ शकते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १२१ नुसार संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगात रंगवता येत नाही. याचा अर्थ, जोंगाला जोंगाचा जन्मरंग देणं नागरी मालकाला मना आहे. नियमामागचं कारण सुरक्षेचं आहे आणि ते रास्त आहे. छावणीच्या फाटकावर उभ्या असलेल्या शिपायाला आपली गाडी आणि परकी गाडी लांबूनच ओळखता आली पाहिजे. त्याचबरोबर जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं विंटेज वाहनांसाठी नियम आणले. पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपात राखलेल्या खासगी दुचाकी-चारचाकींना ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा नंबर मिळतो, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आहे. सुरुवातीच्या जोंगा आता पन्नाशी ओलांडत आहेत. एक नियम मूळ रूप मागतो, दुसरा त्या रूपातला सर्वांत ठळक भाग नाकारतो. मालक या दोहोंच्या मध्ये सापडतो.

या पेचातून इतिहासाच्या आधारानं वाट निघते, असं आम्हाला दिसलं. लष्करी रंग म्हणजे ऑलिव्ह ग्रीनच, हा समज अलीकडचा आणि अपुरा आहे. उत्तर आफ्रिकेत लढलेल्या चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या गाड्या वाळूच्या रंगांत होत्या. १९४२ ते १९४४ या काळात ब्रिटिश बनावटीच्या असंख्य गाड्या तपकिरी होत्या. युद्धकाळातल्या विलिजला हे रंग शोभतात, पण त्यांना पुराव्याचा आधार मात्र शोधायला हवा. जोंगा आणि शक्तिमानला हा आडोसा नाही, कारण त्या युद्धाशी त्यांचा संबंध नाही. त्यांच्या मालकानं सरळ एखादा साधा, शांत नागरी रंग निवडावा आणि मूळ हिरव्याचा एक तुकडा डॅशबोर्डच्या आत न खरवडता राखून ठेवावा, असं आम्ही सुचवतो. नोंदणी पुस्तकात गाडीचा रंग लिहिलेला असतो, तो बदलला तर तिथंही बदलून घ्यावा लागतो. रंगाचा डबा उघडण्याआधी आरटीओत जाऊन विचारून यावं. या चौकशीला फारसा खर्च येत नाही, आणि ती न केल्यास सगळं काम दुसऱ्यांदा करावं लागू शकतं.

जगभर या छंदात जे पंथ तयार झाले आहेत त्यांची ओळख नवख्याला हवी, कारण सल्ला देणारा कोणत्या पंथाचा आहे हे कळल्याशिवाय सल्ल्याची किंमत कळत नाही. पहिला पंथ कारखान्याचा. गाडी उत्पादनाच्या दिवशी जशी होती तशीच हवी, बोल्टच्या डोक्यावरची खूणसुद्धा जागच्या जागी हवी, हा त्याचा आग्रह. अमेरिकेत हा पंथ बलवान आहे आणि तो सर्वांत खर्चिक आहे. दुसरा पंथ तुकडीचा. गाडी अमुक पलटणीत, अमुक वर्षी, अमुक मोहिमेवर असताना जशी दिसली असती तशी करायची. इथं रंगापेक्षा खुणांचा अभ्यास मोठा असतो. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड, पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा, ब्रह्मदेशात लढलेल्या सतराव्या डिव्हिजनचं काळं मांजर, या खुणा चिलखतांवर आणि मडगार्डवर कुठं, किती मोठ्या आणि कोणत्या रंगांत असत हे शोधावं लागतं. जुन्या कृष्णधवल छायाचित्रांवर इथं डोळे झाकून विसंबता येत नाही. त्या काळच्या काही फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटे, निळा पांढरट दिसे. युद्धाच्या सुरुवातीच्या अमेरिकन जीपांच्या बॉनेटवरचे नंबर मंद निळसर रंगात असत. छायाचित्रात ते सहज दिसत नाहीत, म्हणून नंबर नव्हतेच असा निष्कर्ष अनेकांनी काढला आहे.

तिसरा पंथ जतनाचा. तो म्हणतो, रंगवूच नका. जो रंग उरला आहे तोच दस्तऐवज आहे. धूळ काढा, गंज थोपवा, तेलाचा हलका हात फिरवा आणि थांबा. वस्तुसंग्रहालयांच्या जगात हा विचार अलीकडे बळावला आहे आणि जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं केलेल्या ट्युरिनच्या सनदेतही त्याचा पुरस्कार आहे. चौथा पंथ वापराचा. त्याला पुस्तक नाही, सनद नाही. शेतावर, डोंगरात, पावसात गाडी चालली पाहिजे एवढंच त्याला हवं असतं. भारतातले बहुसंख्य मालक याच पंथाचे आहेत. जुन्या गाड्या जगवण्याचं मोठं श्रेय त्यांना आहे, जाणकारांनी त्यांना नाक मुरडण्याचं काहीच कारण नाही.

माझा कल सांगायचा तर तो असा. मूळ रंग निम्म्याहून जास्त शाबूत असेल, तर जतनाचा पंथ धरावा. त्यात खर्चही सर्वांत कमी आहे. रंग गेलाच असेल, पत्रा उघडा पडला असेल, तर तुकडीचा पंथ धरावा, कारण त्यात हातानं दिलेल्या ब्रशला, किंचित वेड्यावाकड्या अक्षरांना मान आहे. कारखान्याचा पंथ मी नाकारत नाही. तो ज्यांना परवडतो त्यांच्या मेहनतीतूनच आपल्याला अचूक माहिती मिळत आली आहे.

पैसा कुठं वाचवावा आणि कुठं वाचवू नये, याबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे. वरच्या रंगावर वाचवावा. जीपएवढ्या गाडीला दोन हातांसाठी चार-पाच लिटर सिंथेटिक इनॅमल पुरतं, आणि ते गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. स्प्रे गन आणि कॉम्प्रेसरवर वाचवावा. चांगला रुंद ब्रश आणि फोमचा छोटा रोलर यांनी सपाट लष्करी पत्र्यावर उत्तम काम होतं. ब्रशच्या रेघा चकचकीत रंगात डोळ्यांत खुपतात, बिनचकाकी रंगात त्या विरून जातात. पुट्टीवर तर नक्कीच वाचवावा. लष्करी गाडीच्या पत्र्यावरचे पोचे तिच्या चाकरीचे आहेत, ते बुजवायला पैसे का मोजावेत?

गंजावर मात्र काटकसर करू नये. कोकणातल्या खाऱ्या हवेत आणि घाटातल्या चार महिन्यांच्या पावसात गंज पत्र्याच्या वरून कमी आणि आतून जास्त खातो. युद्धकाळातल्या विलिज जीपच्या तळाखाली पत्र्याच्या ज्या पन्हळी आहेत त्यांच्या आत लाकूड भरलेलं असे. ते पाणी धरून ठेवतं आणि वरून धडधाकट दिसणारा तळ आतून चाळण होतो. असा तळ न उघडता वरून रंग देणं म्हणजे पैसे मातीत घालणं. तारेचा ब्रश, खरवडणी, वॉटर पेपर आणि घाम यांना पर्याय नाही. वाळूचा मारा करून पत्रा साफ करणारे कारागीर मिळतात. पण पातळ बॉनेटवर जोराचा मारा झाला की पत्रा ताणला जातो, लाटा उमटतात आणि त्या परत बसत नाहीत. चेसिस आणि चाकांपुरताच तो ठेवावा. प्रायमरवरही काटकसर नको. बिनचकाकी रंगात रंगद्रव्य जास्त आणि त्याला बांधणारं माध्यम कमी असतं, म्हणून तो किंचित सच्छिद्र राहतो आणि ओल आत जाऊ देतो. पत्र्याचं खरं रक्षण खालचा प्रायमर करतो. रेड ऑक्साइड स्वस्त आहे आणि कोरड्या मुलखात चालतो. समुद्राकाठच्या गाडीला दोन घटकांचा इपॉक्सी प्रायमर द्यावा आणि वर अर्धचकाकीचा रंग घ्यावा, तो धुता येतो आणि टिकतो.

तिसरी गोष्ट जिवाशी संबंधित आहे. जुन्या लष्करी गाड्यांच्या खालच्या थरांत शिसं आणि क्रोमेट असण्याची दाट शक्यता असते. तो रंग कोरडा घासला की जी धूळ उडते ती फुप्फुसात जाते, कपड्यांबरोबर घरात येते आणि लहान मुलांना तिचा धोका मोठ्यांपेक्षा जास्त असतो. भारतात घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू आहे, पण आपण ज्या थरांबद्दल बोलतो आहोत ते त्याआधीच्या अनेक दशकांतले आहेत. पाणी मारून, ओलं ठेवूनच घासावं, चांगला मास्क वापरावा, निघालेला लगदा गोळा करून ठेवावा, विहिरीजवळ किंवा परसातल्या भाजीच्या वाफ्यात जाऊ देऊ नये. दोन घटकांचा पॉलियुरेथेन रंग फवारताना आयसोसायनेट हवेत जातात आणि त्यांमुळे कायमचा दमा जडू शकतो. साधा कापडी रुमाल किंवा धुळीचा मास्क त्यांच्यापुढं काहीच नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी साधनं नसतील तर तो रंग घरी फवारूच नये. साध्या इनॅमलचा आग्रह आम्ही धरतो त्याचं हेही एक कारण आहे.

हवामानाचा विचार परदेशी पुस्तकांत आपल्या कामाचा नसतो. दमट दिवसांत लॅकर म्हणजे आपल्या गॅरेजांतला ड्यूको पांढुरका पडतो, इनॅमल दिवसेंदिवस चिकट राहतं. वैशाखातल्या उन्हात तापलेल्या पत्र्यावर ब्रश ओढेपर्यंत रंग सुकतो. दिवाळीनंतर होळीपर्यंतचा काळ या कामाला उत्तम. सकाळचं दव उडाल्यावर सुरुवात करावी आणि ऊन कलायच्या आत हात थांबवावा.

हा विषय आत्ताच का मांडायचा, याचं एक कारण विंटेज नियमाच्या निमित्तानं आलंच आहे. दुसरं कारण माणसांचं आहे. युनिटमध्ये ब्रशनं गाड्या रंगवलेली पिढी म्हातारी झाली आहे. पाट्या रंगवणारे पेंटर फ्लेक्सनं बेकार केले. जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरं कापून स्टेन्सिल करणारा, हात न थरथरता सरळ रेघ ओढणारा पेंटर आजही तालुक्याच्या गावी सापडतो, पण शोधावा लागतो. लष्करी गाडीवरच्या खुणांसाठी त्याच्याहून चांगला कारागीर नाही, आणि त्याला असं काम मिळणं आम्हाला मनापासून हवं आहे.

तिसरं कारण स्मृतीचं. अहिल्यानगरला १९९४ मध्ये रणगाड्यांचं संग्रहालय सुरू झालं, ते मराठी वाचकांपैकी अनेकांनी शाळेच्या सहलीत पाहिलं असेल. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल ज्या सेंच्युरियन रणगाड्यातून लढले आणि धारातीर्थी पडले, तो पूना हॉर्सचा ‘फॅमागुस्टा’ही अहिल्यानगरच्या चिलखती दलाच्या केंद्रातच जपला आहे. शेकडो सेंच्युरियन एकसारखे होते. त्यांतला हा एक वेगळा ओळखता येतो तो त्याच्या नावामुळे आणि नंबरामुळे. अशी ओळख रंगानंच लिहिलेली असते आणि रंगाबरोबरच पुसली जाते. गावोगावच्या चौकांत आणि शाळांच्या आवारांत उभे असलेले रणगाडे, तोफा दर काही वर्षांनी कोणीतरी हौसेनं रंगवतं. जुन्या थरांची नोंद न घेता रंग चढला की आतली अक्षरं गेली. तेव्हा हे पुस्तक खासगी मालकांइतकंच नगरपालिकांच्या आणि शाळांच्या हातीही पडावं, अशी आमची इच्छा आहे.

पुस्तक काय करू पाहतं आणि काय नाही, हे सांगून थांबतो. रंगाचा इतिहास यात गरजेपुरता आहे. त्याचा कोश करण्याचा हेतू नाही. डेंटिंगचं शिक्षण यात नाही, वेल्डिंग जाणकाराकडूनच करून घ्यावं. शस्त्रसज्ज किंवा चिलखती वाहनं बाळगण्याचे कायदे वेगळे आहेत, त्यांत आम्ही शिरलेलो नाही. भर आहे तो एका माणसानं, घरच्या एक-दोघांच्या मदतीनं, उघड्या अंगणात करायच्या कामावर. किमती मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या छापून होईपर्यंत बदलतात. त्याऐवजी प्रत्येक टप्प्याला लागणारं साहित्य आणि वेळ यांचा अंदाज कसा बांधायचा ते दाखवलं आहे. दोन मार्ग शक्य असतील तिथं दोन्ही दिले आहेत आणि आम्हाला कोणता पटतो ते लपवलेलं नाही.

वाचकाला एकच विनंती आहे आणि ती पहिलं पान उलटण्याआधीची आहे. गाडीवर खरवडणी चालवण्याआधी सीटखालची, बॅटरीच्या तबकामागची, माहितीपट्टीच्या आडची अशी एखादी झाकलेली जागा निवडा. बारीक वॉटर पेपरनं, पाणी लावत, गोल गोल घासत एक-एक थर उघडा करा. थरांची वर्तुळं एकात एक दिसू लागली की दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी आणि छापील रंगपट्टी ठेवून फोटो घ्या. नुसत्या फोटोतल्या रंगावर भरवसा ठेवू नका. प्रत्येक थराची नोंद वहीत करा, खालून वर. बॉनेट आणि दरवाजांवर तिरपा उजेड टाकून पाहा. जुन्या अक्षरांच्या कडा रंगाखालून उठून दिसतात, त्यांवर ट्रेसिंग पेपर ठेवून त्या उतरवून घ्या. ही वही तयार झाली की मग पुस्तकाकडे या, कारण पुढच्या प्रकरणांतले बहुतेक निर्णय तिच्या आधारानं घ्यायचे आहेत.